एमआरएत शिरा दिसतायत, मग डीएसए कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गफलत होत असेल तर लगेच कळेल. बहिणीचं वय ३१. डोकेदुखीसाठी एमआरआय केला आणि डाव्या पॅरायटल (मेंदूच्या वरच्या-मागच्या) भागात, संवेदनेच्या पट्ट्याला लागून, २.५ सेंमीचा एव्हीएम, म्हणजे धमन्या थेट शिरांना जोडल्या गेलेला रक्तवाहिन्यांचा गुंता, सापडला. रक्तस्राव झालेला नाही. सोबत एमआर अँजिओग्राफीही (एमआरए, म्हणजे एमआरआयच्या यंत्रावर काढलेली रक्तवाहिन्यांची चित्रं) झाली. अहवालात लिहिलंय की वरच्या शिरेतून सुपीरियर सॅजिटल सायनसमध्ये (मेंदूच्या माथ्यावरच्या, शिरांचं रक्त गोळा करणाऱ्या मोठ्या वाहिनीत) निचरा होतो, 'खोल शिरांमधून निचरा नाकारता येत नाही', आणि डीएसए (धमनीत नळी घालून केलेली रक्तवाहिन्यांची क्ष-किरण तपासणी) करावी. तुमचं म्हणणं असं, की एमआरएत शिरा दिसल्याच आहेत तर नळी घालून तेच पुन्हा कशाला बघायचं? आणि 'नाकारता येत नाही' हे वाक्य म्हणजे रेडिओलॉजिस्टने हात झटकले असं समजायचं का?

मी न्यूरोरेडिओलॉजिस्ट आहे. असं वाक्य मीही लिहिते. कधी नाइलाजाने, आणि खरं सांगायचं तर एखाद्या वेळी घाईतही. तुमच्या बाबतीत यातलं काय झालं हे चित्रं न बघता सांगता येणार नाही. ते कसं ओळखायचं तेवढं सांगू शकते.

आधी शिरेचं एवढं महत्त्व का, ते बघू. निरोगी मेंदूत रक्ताचं काम पाटाच्या पाण्यासारखं चालतं. पाटातून वाफ्यात, वाफ्यात मुरून उरलेलं चरातून बाहेर. केशवाहिन्या म्हणजे हे वाफे. धमनीतला दाब तिथे मोडतो आणि शिरेत येणारं रक्त संथ असतं. एव्हीएममध्ये पाट फुटून सरळ चराला मिळालेला असतो. मधला गुंता, ज्याला आम्ही नायडस म्हणतो, त्यात केशवाहिन्या नसतात, त्यामुळे धमनीचा दाब जवळजवळ तसाच शिरेवर येतो. शिरेची भिंत त्यासाठी घडलेली नसते. ती फुगते, नागमोडी होते, कुठे तरी आकसते. बाहेर जायला एकच शीर असणं, ती वाटेत अरुंद झालेली असणं, सगळा निचरा फक्त खोल शिरांतूनच होणं, या गोष्टी फुटण्याच्या धोक्याशी जोडल्या जातात. म्हणून आम्ही धमन्यांपेक्षा शिरांवर जास्त वेळ घालवतो.

दुसरं कारण शस्त्रक्रियेचं. १९८६पासून वापरात असलेली स्पेट्झलर-मार्टिन श्रेणी तीन गोष्टींवर ठरते. आकार ३ सेंमीच्या आत असेल तर १ गुण, ३ ते ६ला २, त्यापुढे ३. वाणी, हालचाल, संवेदना, दृष्टी अशा महत्त्वाच्या भागात किंवा त्याला लागून असेल तर आणखी १. आणि निचऱ्यातली एक जरी शीर खोल असेल तर आणखी १. आता बहिणीचे गुण मोजा. आकाराचा १, जागेचा १, म्हणजे २. खोल शीर निघाली तर ३. पहिली आणि दुसरी श्रेणी साधारणपणे शस्त्रक्रियेला सोयीची धरतात. तिसरीत प्रत्येक रुग्णाचा वेगळा विचार करून, अनेकदा दोन-तीन उपचार एकत्र करून निर्णय घेतात. म्हणजे ज्या वाक्याला तुम्ही हात झटकणं म्हणताय, नेमकं त्याच वाक्यावर तिची श्रेणी अडून बसली आहे.

'पण एव्हीएम तर मेंदूच्या वरच्या भागात आहे, मग शीर खोल कशी जाईल?' हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. मेंदूच्या पृष्ठभागावरचे बरेच एव्हीएम शंकूसारखे असतात. रुंद तोंड वर आणि निमुळतं टोक आत, व्हेंट्रिकलच्या म्हणजे मेंदूतल्या पोकळीच्या दिशेने. ते टोक पोकळीच्या भिंतीपर्यंत पोचलं असेल, तर तिथून एखादी बारीक शीर भिंतीलगतच्या शिरांत शिरते आणि तिथून इंटर्नल सेरेब्रल व्हेनमध्ये किंवा बेसल व्हेनमध्ये, शेवटी व्हेन ऑफ गेलन या मेंदूच्या मध्यातल्या मोठ्या खोल शिरेला मिळते. अशी शीर बहुतेकदा मुख्य शिरेपेक्षा खूप बारीक असते. पण ती आहे याचा अर्थ गुंता तिथवर पोचलाय, आणि सर्जनला सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या नाजूक, सहज न थांबणाऱ्या रक्तवाहिन्या त्याच टोकाशी असतात.

आता एमआरएकडे. 'एमआरए' ही एक तपासणी नाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. त्यात निदान चार-पाच वेगवेगळ्या पद्धती येतात. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं द्रव्य) न देता सगळ्यात जास्त केली जाते ती टाइम ऑफ फ्लाइट, टीओएफ. हिच्यात स्थिर ऊतींवर एकामागून एक रेडिओ स्पंदनांचा मारा करून त्यांचा सिग्नल दाबून टाकतात. बाहेरून ताजं रक्त आत आलं की त्याच्यावर अजून मारा झालेला नसतो, म्हणून ते चमकतं. वेगाने येणारं रक्त जास्त चमकतं, रेंगाळणारं रक्त वाटेतच विझतं. शिवाय वरून खाली येणाऱ्या शिरांचा सिग्नल चित्रात मिसळू नये म्हणून वरच्या बाजूला एक पट्टा टाकून तो मुद्दाम पुसलेला असतो. म्हणजे शिरा दिसू नयेत अशाच बेताने ही पद्धत बसवलेली आहे, आणि आपण तिलाच शिरांबद्दल विचारतोय.

तरीही एव्हीएमची मुख्य शीर टीओएफवर दिसते, कारण तिच्यात धमनीच्या वेगाचं रक्त असतं. याचा आम्हाला फायदाच होतो. टीओएफवर एखादी शीर झगझगीत दिसली की तिथे काही तरी गडबड आहे. पण उलट बाजू खरी नाही. शीर दिसली नाही म्हणून ती नाही, असं टीओएफवरून म्हणता येत नाही. दुय्यम शिरेतला प्रवाह मंद असतो, फुगवट्यात रक्त भोवऱ्यासारखं फिरून सिग्नल गमावतं, आणि बारीक शीर कापाच्या पातळीतच आडवी धावत असेल तर तीही विझते. बहिणीची फक्त टीओएफ झाली असेल, तर 'नाकारता येत नाही' हे वाक्य प्रामाणिक आहे. मी तेच लिहिलं असतं.

माझी बघण्याची पद्धत सांगते. बहुतेक जण गुंत्यापासून सुरुवात करतात आणि शिरा बाहेर कुठे जातात ते बघतात. मी उलटी चालते. आधी स्ट्रेट सायनस (व्हेन ऑफ गेलनचं रक्त पुढे नेणारी वाहिनी), मग व्हेन ऑफ गेलन, मग दोन्ही बाजूंच्या इंटर्नल सेरेब्रल व्हेन आणि बेसल व्हेन. डावी-उजवी शेजारी शेजारी ठेवून जाडी आणि चमक ताडून बघते. गुंत्याच्या बाजूची शीर दुसरीपेक्षा जाड आणि चमकदार असेल, तर तिच्यात कुठून तरी धमनीचं रक्त येतंय. मग एकेक काप वर सरकत ते कुठून येतंय ते शोधते. आणि हे सगळं मूळ कापांवर. संगणकाने बनवलेलं ते फिरणारं त्रिमितीय चित्र दिसायला देखणं, पण त्यात पुढची आणि मागची वाहिनी एकमेकींवर पडून जोडल्यासारख्या दिसतात. त्याच्यावर भिस्त ठेवून मी स्वतः एकदा नसलेली खोल शीर लिहून बसले होते. निरोगी इंटर्नल सेरेब्रल व्हेन गुंत्याच्या मागून जात होती, एवढंच.

चमक म्हणजे प्रवाह असंही धरून चालायचं नाही. रक्तस्राव होऊन काही दिवस ते काही आठवडे झालेल्या गाठीत मेथहिमोग्लोबिन असतं. ते टी-वनवर (हा एमआरआयचा एक साधा प्रकार, टी-टू हा दुसरा) आपोआपच पांढरं दिसतं आणि टीओएफवरही तसंच उमटतं. एका तरुणाच्या, रक्तस्रावानंतर दोन आठवड्यांनी केलेल्या एमआरएत गुंत्याशेजारी एक अंडाकृती पांढरा ठिपका होता आणि आमच्या निवासी डॉक्टरांनी तो 'शिरेचा फुगवटा' म्हणून नोंदवला होता. साधा टी-वन शेजारी लावला, तिथेही तो तितकाच पांढरा. टी-टूवर वाहत्या रक्ताची काळी पोकळी हवी होती, ती नव्हती. ती रक्ताची गुठळी निघाली. बहिणीला रक्तस्राव झालेला नाही, त्यामुळे ही एक भानगड तुमच्याकडे नाही. तसंच काही निरोगी माणसांत मानेतल्या डाव्या शिरेतून रक्त थोडं उलटं वर चढतं आणि कवटीच्या तळाचा सायनस टीओएफवर उजळतो. त्यावरून फिस्टुलाची (धमनी-शिरेच्या असामान्य जोडणीची) शंका घेऊन माणसं रात्र रात्र जागलेली मी बघितली आहेत.

टीओएफच्या पलीकडे काय आहे? मला सगळ्यात उपयोगी वाटते ती कॉन्ट्रास्ट देऊन वेळेनुसार केलेली एमआरए. कंपनीप्रमाणे तिला ट्विस्ट, ट्रिक्स अशी नावं आहेत. हातातून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट सोडतात आणि साधारण सेकंदा-दोन सेकंदाला, जमलं तर त्याहून लवकर, पूर्ण डोक्याचं एकेक चित्र घेतात. आधी धमन्या, मग गुंता, मग शिरा, असा क्रम उलगडतो. धमन्यांच्याच चित्रात एखादी शीर भरलेली दिसली की ती एव्हीएमची. इथे खोल शीर लवकर भरते की इतर निरोगी शिरांच्या बरोबरीने, हे बघता येतं आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. पण वेग हवा तर बारकावा सोडावा लागतो. चित्रातला ठिपका मिलिमीटरभर किंवा थोडा मोठा असतो. शिवाय हा वेग गाठायला यंत्र प्रत्येक चित्रासाठी सगळी माहिती नव्याने घेत नाही, आजूबाजूच्या चित्रांतून थोडी उसनी घेतं. त्यामुळे वेळेच्या कडा पुसट होतात. जोराच्या एव्हीएममध्ये धमनी आणि शीर एकाच चित्रात उजळतात आणि कोण आधी, कोण नंतर, हा हिशेबच बुडतो.

कॉन्ट्रास्टनंतर बारीक कापांचा त्रिमितीय टी-वन घेतला असेल तर त्यात जवळजवळ सगळ्या शिरा दिसतात, अगदी पोकळीच्या भिंतीवरच्यासुद्धा. वेळ मात्र शून्य. निरोगी शीर आणि एव्हीएमची शीर दोन्ही सारख्याच पांढऱ्या.

इथे मदतीला येतात दोन कॉन्ट्रास्ट न लागणाऱ्या पद्धती. एक एएसएल. मानेपाशी धमनीतल्या रक्ताला चुंबकीय खूण करतात आणि दीड-दोन सेकंद थांबून डोक्याचं चित्र घेतात. निरोगी मेंदूत तेवढ्या वेळात खूण केलेलं पाणी ऊतींत मुरतं आणि खूणही विरत जाते, म्हणून शिरेत जवळजवळ काहीच पोचत नाही. शिरेत चमक दिसली म्हणजे रक्त वाफे टाळून आलं. व्हेन ऑफ गेलन किंवा स्ट्रेट सायनस एएसएलवर उजळलेला असेल, तर 'नाकारता येत नाही' हे वाक्य खोडून 'आहे' असं लिहायला माझा हात धजतो. चित्र भरड असतं, त्यामुळे कुठल्या सायनसमध्ये हे कळतं, नेमक्या कुठल्या शिरेतून ते नाही. दुसरी एसडब्ल्यूआय. शिरांतलं रक्त ऑक्सिजन देऊन आलेलं असल्याने तिथे काळं दिसतं. एव्हीएमच्या शिरेत ऑक्सिजन खर्चच झालेला नसतो, ती काळी होत नाही, उलट उजळ दिसते. काळ्या शिरांच्या झाडात एकच पांढरी फांदी, असं ते चित्र असतं. जुना रक्तस्राव किंवा कॅल्शियम असेल तर मात्र काळा डाग पसरून सगळं झाकून टाकतो.

फेज कॉन्ट्रास्ट या, रक्ताच्या वेगावरून चित्र काढणाऱ्या एमआरए पद्धतीबद्दल एवढंच, की तिच्यात वेगाचा अंदाज आधी द्यावा लागतो. साध्या शिरांसाठी ठेवलेला अंदाज एव्हीएमच्या शिरेला अपुरा पडतो आणि चित्र गोंधळतं. नुसत्या शिरा बघायला मी ती क्वचितच मागते.

म्हणजे नीट आखलेल्या एमआरआयने खोल शीर आहे की नाही हे बऱ्याचदा सांगता येतं. मग डीएसए का? कारण डीएसए एका वेळी एकाच धमनीत औषध (कॉन्ट्रास्ट) सोडते आणि सेकंदाला अनेक चित्रं घेते. एमआरएत सगळ्या धमन्या एकदमच भरतात, त्यामुळे कुठल्या धमनीतून आलेलं रक्त कुठल्या शिरेने बाहेर पडतं हे वेगळं काढता येत नाही. मला लक्षात राहिलेली एक केस याच जागेची आहे. पॅरायटल एव्हीएम, एमआरएत वर जाणारी एकच ठसठशीत शीर. डीएसएत कॅरोटिडमध्ये (मानेतल्या पुढच्या धमनीत) औषध सोडलं तेव्हाही तीच. व्हर्टेब्रलमध्ये (मानेतल्या मागच्या धमनीत) सोडलं, तर मागच्या धमनीतून गुंत्याचं खालचं टोक भरलं आणि तिथून दोऱ्याएवढी शीर व्हेन ऑफ गेलनकडे गेली. एमआरएत ती वरच्या मोठ्या शिरेच्या झगमगाटात हरवली होती. तेव्हापासून पॅरायटल एव्हीएमच्या अहवालात 'खोल निचरा नाही' हे तीन शब्द मी फार जपून लिहिते. शिरेतला अरुंदपणा आणि गुंत्यातले छोटे फुगे हेही डीएसएवर जास्त खात्रीने कळतात.

सर्जनला हे सगळं आधी का हवं असतं? शस्त्रक्रियेत येणाऱ्या धमन्या आधी बंद करायच्या आणि मुख्य शीर शेवटी. शीर आधी बंद झाली तर रक्त येत राहतं, जायला वाट नसते, आणि गुंता टेबलावरच फुटतो. सुरुवातीला ही शीर लालभडक दिसते. शेवटची धमनी बंद झाली की ती निळसर होते, आणि मगच तिला हात लावतात. ती लालच राहिली तर कुठे तरी एक वाट उघडी आहे. अशा वेळी सर्जन नकाशा आठवत असतो, आणि नकाशात एक शीर कमी असेल तर काय होईल ते मी सांगायला नको. एम्बोलायझेशनमध्येही, म्हणजे नळीतून गुंता बुजवणारं द्रव्य सोडतात तेव्हाही, तेच. ते द्रव्य गुंता भरायच्या आधी शिरेत सरकलं आणि निचरा तुंबला, ही तिथली मोठी भीती.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग, आणि माझ्या मते तुम्ही आधी विचारायला हवा तो प्रश्न. उपचार करायचेत हे ठरलंय का? न फुटलेल्या एव्हीएमला फुटण्याचा वार्षिक धोका साधारण २ टक्क्यांच्या आसपास धरतात, एकदा फुटलेल्याला त्याच्या दुप्पट. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अरुबा या अभ्यासात न फुटलेल्या एव्हीएमच्या रुग्णांत, सरासरी ३३ महिन्यांच्या काळात, फक्त औषधोपचार केलेल्या गटात मृत्यू किंवा पक्षाघात १०.१ टक्के झाला, हस्तक्षेप केलेल्या गटात ३०.७ टक्के. त्यावर टीका भरपूर झाली, आणि बरीचशी रास्त आहे: काळ अपुरा, वेगवेगळे उपचार एकाच पिशवीत घातलेले, शस्त्रक्रियेचे रुग्ण मोजके. ३१ वर्षांच्या मुलीला ३३ महिन्यांचा हिशेब पुरत नाही. पण 'सापडलाय तर काढू' हे उत्तर सरळ नाही एवढं त्यातून नक्की कळतं. चर्चेअंती नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं, तर काही केंद्रं एमआरआयवरच थांबतात. काही जण मात्र धोका नीट मोजण्यासाठी एकदा डीएसए करून घेतात, आणि तेही मला चूक वाटत नाही. शस्त्रक्रिया किंवा एम्बोलायझेशन करायचं असेल तर डीएसए टाळता येत नाही. रेडिओसर्जरीच्या (गुंत्यावर नेमके किरण सोडून करायच्या उपचाराच्या) आखणीतही ती बहुतेक ठिकाणी लागते. रेडिओसर्जरीनंतर गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. तो काळ एमआरएवर काढतात, आणि एमआरएत काही दिसेनासं झालं की खात्रीसाठी एक डीएसए. एकही शीर लवकर भरत असेल तर एव्हीएम अजून जिवंत आहे असंच धरतात.

डीएसएची भीती मला समजते. मांडीतून किंवा मनगटातून नळी जाते, बहुतेक मोठी माणसं जागी असतात, औषध सोडलं की डोक्यात गरम लाट गेल्यासारखं वाटतं. अनुभवी हातांत कायमच्या मेंदूच्या इजेचा धोका १ टक्क्याहून बराच कमी आहे. पण शून्य नाही, म्हणून तिच्या उत्तराने निर्णय बदलणार असेल तेव्हाच ती करावी. गरोदर असेल किंवा शक्यता असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, पूर्वी कॉन्ट्रास्टची अॅलर्जी आली असेल, तर कुठल्याही तपासणीआधी सांगा. डीएसएला आणि गॅडोलिनियमला दोन्हीकडे हे लागतं.

तुमच्याकडून मला दोनच गोष्टी हव्यात. अहवालाच्या वर 'तंत्र' म्हणून एक ओळ असते, ती जशीच्या तशी इथे टाका. तिच्यात नुसती टीओएफ असेल तर सर्जनना विचारा, की डीएसएआधी कॉन्ट्रास्टची वेळेनुसार एमआरए आणि एएसएल करून काही फरक पडेल का, की डीएसए ठरलेलीच आहे. ठरलेली असेल तर मधली तपासणी उगाच करू नका. आणि ओळीत हे सगळं आधीच झालेलं दिसत असेल, तर शंका खरी आहे. रेडिओलॉजिस्टना नेमकी कुठल्या शिरेबद्दल शंका आहे ते विचारा, ते नाव डीएसए करणाऱ्यांना आधी माहीत असलेलं बरं. दुसरी गोष्ट, दुसरं मत घ्यायला जाताना फिल्म नको, सीडी न्या. फिल्मवर बहुधा ती देखणी फिरणारी चित्रं छापलेली असतात, आणि आम्हाला बघायचे असतात ते मूळ काप सीडीतच असतात. जायच्या आधी ती एकदा घरच्या संगणकावर उघडते का तेही बघून घ्या.